दुकानातील पिल्लू आणि सम्यक आजीविका

(वर्षावास प्रवचनमालेत महाड येथे दिलेले भाषण)



वर्षावासात या व्यासपीठावरून आपण विद्वानांची व्याख्याने ऐकत असतो. मी विद्वान नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि बँकेत लिपिकाची नोकरी करतो. अष्टांगिक मार्गातील सम्यक आजीविका या अंगावर मी बोलावे, असे कार्यवाहांनी सुचविले. या अंगावर बोलताना आपण साधारणपणे दारूचा धंदा, मटका, सावकारी यांचा उल्लेख करतो आणि थांबतो. मी आज एक लहानसा वाटणारा, पण अलीकडे आपल्याही घरांपर्यंत पोहोचलेला प्रश्न घेणार आहे. दुकानात कुत्र्याची पिल्ले विकणे योग्य आहे काय? आणि ती विकत घेणे योग्य आहे काय?

विषय ऐकून मागच्या रांगेत कोणी हसले, तर मला त्याचे नवल वाटणार नाही. आमच्या पदवीधर मुलांना नोकऱ्या नाहीत, आणि हे गृहस्थ कुत्र्यांचे काय घेऊन बसले, असे कोणालाही वाटेल. हा आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

आपण महाडमध्ये बसलो आहोत. रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्याप्रमाणे ठरावही केला. तरीही चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांना मिळत नव्हते. गुरेढोरे, कुत्रीमांजरे तेथे पाणी पीत होती, माणसाला मात्र बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. हा इतिहास येथील लहान मुलालाही ठाऊक आहे. पण त्यातील एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कुत्र्याला पाणी का मिळते, अशी आपली तक्रार कधीच नव्हती. त्याला तळ्यावरून हाकलून द्या, असे कोणी म्हटले नाही. माणसाची किंमत त्याच्या जन्मावरून ठरवू नका, एवढीच आपली मागणी होती. ज्या समाजाने ही मागणी केली, त्याने जन्मावरून किंमत ठरविणारा बाजार कोठेही पाहिला तर क्षणभर थांबून विचार करावा, असे मला वाटते. माणसाची आणि कुत्र्याची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. एका चुकीच्या रीतीची ओळख पटवून देणे, एवढाच हेतू आहे.

आता धम्म याविषयी काय सांगतो ते पाहू. अंगुत्तर निकायाच्या पञ्चक निपातात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत. शस्त्रांचा, सत्त्वांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. यांतील दुसऱ्या व्यापाराला पालीत 'सत्तवणिज्जा' म्हणतात. अट्ठकथेत या शब्दाचा अर्थ माणसांची विक्री असा दिलेला आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्या काळी दासदासींचा बाजार भरत असे. भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांच्या व्यापाराला बंदी केली आहे, ती याच जातीच्या पापाला. पण 'सत्त' म्हणजे सत्त्व, प्राणी, जीव. शब्दाची मर्यादा माणसापाशी संपत नाही आणि अनेक बौद्ध देशांतील आचार्य त्यात सर्व जिवंत प्राणी धरतात. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणा आणि मैत्री यांत भेद केला आहे. करुणा माणसांविषयीची, तर मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत जाणारी. १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवरील दयेचीच आहे. तेव्हा हा विषय आपल्या धम्माच्या बाहेरचा नाही.

मित्रहो, आपल्या वाड्यांवर कुत्रे कसे पाळले जाते ते आठवा. एखाद्याच्या पडवीत कुत्री विते. शेजारीपाजारी येऊन पिल्ले पाहून जातात. पिल्लू जरा मोठे झाले, भाकरी खाऊ लागले, की एक या घरी जाते, एक त्या घरी. पैसे कोणी घेत नाही. पिल्लू 'दिले' असे म्हणतात, 'विकले' असे म्हणत नाहीत. देणाऱ्याला घर माहीत असते आणि घेणाऱ्याला पिल्लाची आई माहीत असते. पुढे पिल्लाची आबाळ झाली, तर रस्त्यात भेटल्यावर विचारणारा कोणीतरी असतो. या व्यवहारात सगळेच चांगले असते असे नव्हे. साखळीला बांधून उपाशी ठेवलेली कुत्री गावातही असतात. पण येथे दोन्ही बाजूंची ओळख असते.

दुकानाच्या काचेपलीकडे ठेवलेल्या पिल्लाच्या बाबतीत ही ओळख दोन्हीकडून तुटते. त्याची आई कोठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, तिने आजवर किती वेळा पिल्ले दिली, हे घेणाऱ्याला दिसत नाही. आणि पिल्लू कोणाच्या घरी गेले, तेथे जगले की मेले, हे आईजवळच्या माणसाला कळत नाही. मधे फक्त पैसा असतो. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईत, पिंजऱ्यांतून पक्षी, ससे आणि पिल्ले विकायला ठेवलेली आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. आता तर मोबाईलवर फोटो येतो, पैसे पाठविले जातात आणि पिल्लू टोपलीतून बसने घरी येते. दुकानही दिसत नाही, मग आई कोठून दिसणार?

दुकानदार वाईट माणूस असतो, असे माझे म्हणणे नाही. तो चांगला असला तरी धंद्याचे गणित त्याला कोठे ढकलते, ते पाहा. पिल्लाने साधारण आठ आठवडे आई आणि भावंडांजवळ राहिले पाहिजे. या काळात ते दूध सोडून अन्नाला लागते, खेळताना किती जोराने चावावे हे भावंडांकडून शिकते. आईच्या दुधातून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती पुढे हळूहळू ओसरते, म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून लसी सुरू करून त्या पुन्हापुन्हा द्याव्या लागतात. पण गिऱ्हाइकाला पिल्लू जितके लहान तितके गोजिरवाणे वाटते. प्रत्येक आठवड्याला त्याचा खाण्याचा खर्च वाढतो आणि किंमत उतरते. म्हणजे पिल्लाचे हित त्याला आईजवळ ठेवण्यात आहे, तर धंद्याचे हित त्याला लवकर तोडून लवकर खपविण्यात आहे. माणूस बदलला तरी हे गणित बदलत नाही.

माझ्या परिचयातील एका कुटुंबाने मुलाच्या वाढदिवसासाठी मुंबईहून असे एक पिल्लू बारा हजार रुपयांना आणले. चौथ्या दिवशी त्याला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी पार्व्हो हा विषाणूजन्य रोग असल्याचे सांगितले. सातव्या दिवशी पिल्लू गेले. या रोगाची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणजे पिल्लू घरी आले तेव्हा किंवा त्याच्या आसपासच रोग त्याच्या अंगात शिरलेला होता. वडिलांनी दुकानात फोन केला. पावतीवर खाली छापलेले वाक्य त्यांना वाचून दाखविण्यात आले, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' मुलगा दहा वर्षांचा. त्याने आपल्या वडिलांना विचारले, "बाबा, माल म्हणजे काय?"

या शब्दाशी माझा रोजचा संबंध आहे. ज्या दुकानदाराचे बँकेत कॅश क्रेडिट खाते असते, त्याला ठरावीक मुदतीने शिल्लक मालाचे पत्रक द्यावे लागते. कापड इतके, साखर इतकी, सिमेंट इतके. त्यावर उचल किती द्यायची ते ठरते. फार दिवस पडून राहिलेला, न खपणारा माल त्यातून वगळतात. कापडाच्या बाबतीत यात काहीच गैर नाही. पण ज्या दुकानात पिल्ले विकली जातात, तेथे पट्टे, साखळ्या आणि बिस्किटांच्या ओळींखाली जिवंत पिल्लांची ओळ येणार. तीन महिन्यांचे झालेले पिल्लू 'न खपलेले' ठरणार. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडच्या बाजारपेठेतील दुकाने पाण्याखाली गेली, मालाची नासाडी झाली आणि नंतर तिचे पंचनामे झाले. अशा वेळी बंद शटरच्या आत पिंजरे असतील, तर पंचनाम्यात काय लिहायचे? जी गोष्ट नासाडीच्या रकान्यात लिहिताना आपला हात थांबतो, ती मालाच्या रकान्यात मुळातच लिहिली जाऊ नये, असे मला वाटते.

आता आपल्या समाजाने अधिक बारकाईने पाहावी अशी एक बाब सांगतो. या दुकानांच्या पाट्यांवर एक शब्द असतो, 'जातिवंत'. जातिवंत पिल्लू आणि गावठी पिल्लू. एकाला प्रमाणपत्र, वंशावळ, हजारो रुपये किंमत, दुसऱ्याला दगड. ही जातिवंत अवलाद टिकविण्यासाठी पुष्कळदा जवळच्या नात्यातील नर-माद्यांचा संकर केला जातो आणि त्यातून दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे चालणारे पग जातीचे कुत्रे आले आणि देशभर पगला मागणी वाढली. चपट्या तोंडाच्या या कुत्र्याला श्वास घेणेच जड जाते. कुत्रा धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकतो. ज्याला नीट धापाही टाकता येत नाहीत, त्याने आपल्या कोकणातील एप्रिल-मे कसा काढावा? बर्फाळ प्रदेशातील दाट केसांचे हस्की कुत्रे पत्र्याच्या घरात ठेवणे हीसुद्धा दया नव्हे, हौस आहे. उलट गावठी कुत्रा या मातीत, या पावसात शतकानुशतके टिकला आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री नोंदली गेली. आणि आपण पैसे मोजून नवी पिल्ले जन्माला घालवीत आहोत.

जातककथांत बाविसावी कथा 'कुक्कुर जातक' या नावाची आहे. विद्यार्थ्यांनी ती अवश्य वाचावी. वाराणसीच्या ब्रह्मदत्त राजाचा रथ रात्री अंगणात राहिला. पावसाने भिजलेले चामडे कुत्र्यांनी खाल्ले. बाहेरची कुत्री गटारातून आत आली, असे राजाला सांगण्यात आले आणि त्याने दिसेल ते कुत्रे मारण्याची आज्ञा दिली. फक्त राजवाड्यातील जातिवंत कुत्री वगळली. बोधिसत्त्व त्या वेळी स्मशानातील कुत्र्यांचा नायक होता. तो एकटा दरबारात गेला आणि चोर कोण हे न तपासता दुबळ्यांना मारणे हा न्याय नव्हे, असे त्याने राजाला ऐकविले. नंतर वाड्यातील कुत्र्यांना ताक आणि दर्भ खाऊ घालताच त्यांनी चामड्याचे तुकडे ओकून टाकले. गुन्हा वाड्यातल्यांचा आणि शिक्षा रस्त्यावरच्यांना. ही कथा कुत्र्यांची आहे, पण ती ऐकताना आपल्याला आणखी काही आठवल्यावाचून राहत नाही.

कायदा काय सांगतो, हेही माहीत असावे. २०१७ साली केंद्र शासनाने कुत्र्यांचे प्रजनन आणि विक्री यांविषयी नियम केले. प्रजनन करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. मादी अठरा महिन्यांहून लहान किंवा आठ वर्षांहून मोठी नसावी, लागोपाठ दोन हंगामांत तिच्याकडून पिल्ले घेऊ नयेत आणि आयुष्यात पाचांहून अधिक वेळा घेऊ नयेत. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये. २०१८ च्या पेट शॉप नियमांनी अशा दुकानांनाही नोंदणी आणि नोंदवह्या सक्तीच्या केल्या. नियम चांगले आहेत. पण ज्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली ते केले गेले, त्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. एका बाजूला बारा हजारांचे पिल्लू आणि दुसऱ्या बाजूला पन्नास रुपयांचा दंड. हा हिशेब करायला बँकेत नोकरी असावी लागत नाही.

म्हणूनच काही देशांनी दुकानावर देखरेख ठेवण्याऐवजी दुकानातील विक्रीच बंद केली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०१९ पासून दुकानदाराला केवळ निवारागृहांतील कुत्री-मांजरेच ठेवता येतात. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांच्या आतील पिल्लू मध्यस्थाने विकण्यास बंदी आहे. पिल्लू हवे असेल तर ते वाढविणाऱ्याकडे किंवा निवारागृहात जावे लागते. त्या कायद्याला लूसी या कुत्रीचे नाव मिळाले. पिल्ले काढून काढून खंगलेल्या या मादीची २०१३ साली वेल्समधून सुटका झाली होती. फ्रान्समध्येही १ जानेवारी २०२४ पासून दुकानांत कुत्री-मांजरे विकता येत नाहीत. या सर्व कायद्यांच्या मुळाशी विचार एकच आहे. पिल्लाची आई डोळ्यांसमोर असली पाहिजे.

येथे एक प्रामाणिक शंका निघेल. पोलादपूरच्या डोंगरातला आपला बांधव बाजारात शेळी विकतो, मुलीची कॉलेजची फी भरतो. मग तोही दोषी काय? बाबासाहेबांनी अहिंसेचा अर्थ सांगताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. तोच विवेक मी येथे वापरतो. शेळी ही त्या घराची गरज आहे. आपल्या पोटाचा आणि मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न ज्याच्यापुढे आहे, त्याला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. पण काचेतले पिल्लू ही घेणाऱ्याची गरज नाही. राखणीला कुत्रा हवा असेल, सोबत हवी असेल, तर ती विकत न घेताही मिळते. जेथे गरज नाही तेथे एका जिवाचे हाल विकत घेण्याचे समर्थन करता येत नाही.

दुसरी शंका विद्यार्थ्यांची. "सर, यात पैसा आहे. दोन माद्या पाळल्या तर वर्षाला चांगले उत्पन्न होते," असे एक तरुण मला काउंटरवर म्हणाला होता. बेकार तरुणाला रोजगार नको म्हणणे सोपे असते, हे मला कळते. म्हणून मी त्याला नुसते नको म्हटले नाही. प्राण्यांशी ज्याला प्रेम आहे, त्याने पशुवैद्यक व्हावे. बारावी विज्ञाननंतर नीट परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो, साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तर १८८६ पासून चालू आहे. तेवढे जमत नसेल, तर खाद्य, औषधे, पट्टे यांचे दुकान काढावे, आंघोळ घालणे, केस कापणे, मालक गावी गेल्यावर कुत्रा सांभाळणे ही कामे करावीत. जिवाची सेवा विकता येते. जीव विकण्याची आवश्यकता नाही. सम्यक आजीविकेचा अर्थ मी माझ्यापुरता असाच लावतो.

आता आपण काय करावे? पिल्लू हवे असेल, तर प्रथम आपल्या वाडीत, आळीत पाहावे. गावठी पिल्लू घ्यावे, डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच्या लसी पूर्ण कराव्यात, तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस चुकवू नये आणि वेळेवर निर्बीजीकरण करावे. भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करणे ही २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, तिचा आपण पाठपुरावा करावा. कोणाला विशिष्ट जातीचेच पिल्लू घ्यायचे असेल, तर त्याची आई स्वतः जाऊन पाहावी, वय आठ आठवड्यांहून अधिक आहे याची खात्री करावी, नोंदणीचे प्रमाणपत्र मागावे. आई दाखवीत नसतील तर परत यावे. आणि वाढदिवसाची भेट म्हणून पिल्लू कधीही आणू नये. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. वाढदिवस एक दिवसाचा असतो.

राजगृहातील १९३४ सालचे एक छायाचित्र आपण पाहिले असेल. त्यात बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, यशवंतराव आणि घरची मंडळी आहेत आणि त्यांच्यासोबत त्यांचा आवडता कुत्रा टॉबीही आहे. ज्या महामानवाने आयुष्यभर माणसाच्या हक्कांसाठी लढा दिला, त्याच्या घरात एका मुक्या जिवाला जागा होती. माणसासाठी लढणे आणि मुक्या जिवाविषयी मैत्री बाळगणे यांत विरोध नाही, हे समजायला दुसरा दाखला कशाला हवा?

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुम्ही मुंबई-पुण्याला जाल, कमवाल. काचेमागचे एखादे पिल्लू तुमच्याकडे पाहून शेपटी हलवील. दया येईल, हात खिशाकडे जाईल. पण तुम्ही मोजलेल्या पैशांतून ते एक पिल्लू सुटते आणि त्याच्या रिकाम्या जागी दुसरे येते, त्याच न दिसणाऱ्या आईचे. त्या वेळी एकच प्रश्न विचारा, "याची आई कोठे आहे?" उत्तर मिळाले नाही, तर पैसे परत खिशात ठेवा.



भवतु सब्ब मंगलम्. जयभीम, जय भारत.